अमेरिकन यादवीतली देशभक्ती: मूळ कागद कसे वाचायचे

अमेरिकेत गुलामगिरी असलेली दक्षिणेतली बरीच राज्ये संघराज्यातून फुटली, त्यांनी वेगळे सरकार थाटले आणि १८६१ ते १८६५ या काळात उत्तर-दक्षिण युद्ध झाले. त्या काळात उत्तरेतले आणि दक्षिणेतले लोक स्वतःला देशभक्तच म्हणवत होते. दाखलाही दोघे एकच देत होते, ब्रिटिशांविरुद्धच्या १७७६च्या क्रांतीचा. म्हणून ‘खरा देशभक्त कोण’ या प्रश्नापासून सुरुवात केली तर हाती काही लागत नाही. आधी शोधायचे ते एवढेच, की या माणसाच्या तोंडी ‘देश’ म्हणजे नेमके काय: आपले राज्य, संघराज्य, राज्यघटना की माणसे?

सुरुवातीला पाच कागद पुरतात. गुलामगिरीतून निसटलेले आणि तिच्याविरुद्ध लढणारे फ्रेडरिक डग्लस यांचे रोचेस्टरमधले भाषण (५ जुलै १८५२), साउथ कॅरोलायना राज्याने संघराज्यातून फुटून निघण्याची दिलेली कारणे (२४ डिसेंबर १८६०), अध्यक्षपद स्वीकारताना लिंकन यांनी केलेले भाषण (४ मार्च १८६१), दक्षिणेचे उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स यांचे सव्हानामधले भाषण (२१ मार्च १८६१) आणि लिंकन यांचे गेटिसबर्गचे भाषण (१९ नोव्हेंबर १८६३). ते याच क्रमाने लावा. क्रम मोडला की अर्थ बिघडतो. ऑगस्ट १८६२च्या एका पत्रात लिंकन लिहितात, की माझा मुख्य हेतू संघराज्य वाचवण्याचा आहे, गुलामगिरी राखण्याचा किंवा मोडण्याचा नाही. हे वाक्य सुटे उचलणारे पुष्कळ आहेत. पण गुलामांच्या मुक्तीच्या जाहीरनाम्याचा मसुदा त्यांनी २२ जुलैलाच मंत्रिमंडळापुढे ठेवला होता. पत्र त्यानंतर महिन्याने लिहिलेले आहे.

पहिल्या वाचनात फक्त शब्दांखाली रेघ मारा, मत बनवू नका. हे काम इंग्रजी मुळावरच करा, कारण मराठी अनुवादात ‘युनियन’ आणि ‘नेशन’ हे दोन्ही शब्द ‘राष्ट्र’ होऊन बसतात आणि सगळा फरक पुसला जातो. लिंकन यांच्या १८६१च्या भाषणात ‘युनियन’ (राज्यांचा संघ) पानोपानी भेटतो. गेटिसबर्गच्या जेमतेम पावणेतीनशे शब्दांत ‘नेशन’ (राष्ट्र) पाच वेळा येतो, ‘युनियन’ एकदाही नाही. राज्यांच्या संघापासून एका राष्ट्रापर्यंतचा हा प्रवास अडीच-पावणेतीन वर्षांतला आहे.

दुसऱ्या वाचनात प्रत्येक कागदातला हक्क आणि तक्रार वेगळी लिहा. साउथ कॅरोलायना राज्याच्या सार्वभौम हक्काची भाषा करते. तक्रार मात्र अशी, की उत्तरेतली राज्ये स्वतःचे कायदे करून पळालेले गुलाम परत देत नाहीत! म्हणजे उत्तरेने वापरलेला राज्याचा हक्क तिला चालत नव्हता. पडताळ्यासाठी दक्षिणेची १८६१ची घटना उघडा: गुलामांवरील मालकीला बाध आणणारा कायदा करायला तिथल्या काँग्रेसला, म्हणजे कायदेमंडळाला, मनाई आहे. स्टीफन्स यांनी तर गोऱ्या-काळ्यांची असमानता हीच नव्या सरकारची कोनशिला असल्याचे उघड सांगितले. युद्ध हरल्यावर त्यांनीच हा वाद घटनेच्या अर्थाचा असल्याचे मांडले. अशा वेळी आधीच्या कागदाला जास्त वजन द्या.

त्यानंतर नकाशावरच्या रेषेत न बसणारी माणसे घ्या. रॉबर्ट ली आणि जॉर्ज थॉमस हे दोघेही दक्षिणेतल्या व्हर्जिनिया राज्याचे, दोघेही संघराज्याच्या सैन्यातले अधिकारी. ली यांनी २० एप्रिल १८६१ रोजी राजीनामा दिला आणि ते दक्षिणेकडून लढले, थॉमस संघराज्याकडेच राहिले. तेव्हा ‘व्हर्जिनियाच्या माणसापुढे दुसरा मार्गच नव्हता’ हे वाक्य टिपणात येऊ देऊ नका. व्हर्जिनियाचा पश्चिम भाग तर फुटणाऱ्या राज्यातूनच फुटला आणि जून १८६३ मध्ये वेगळे राज्य झाला. उत्तरेत ओहायो राज्यातले राजकारणी व्हॅलॅंडिगम युद्धाला विरोध करूनही स्वतःला घटनानिष्ठ म्हणवत. त्यांना अटक झाली आणि दक्षिणेच्या हद्दीत सोडण्यात आले. जॉर्जियाचे गव्हर्नर जोसेफ ब्राउन दक्षिणेच्याच सक्तीच्या सैन्यभरतीला राज्याच्या हक्काच्या नावाने विरोध करत राहिले.

सर्वांत जास्त वेळ उत्तरेच्या ५४व्या मॅसॅच्युसेट्स पलटणीला द्या. या काळ्या सैनिकांना गोऱ्यांइतक्याच, महिना १३ डॉलर पगाराचे आश्वासन होते. देऊ केले १० डॉलर, त्यातूनही कपड्यांचे ३ कापून. त्यांनी पगार घ्यायलाच नकार दिला. मधली तूट भरून देण्याची मॅसॅच्युसेट्स राज्याची तयारीही त्यांनी नाकारली, आणि ते लढत राहिले. जुलै १८६३ मध्ये दक्षिणेच्या फोर्ट वॅग्नर या किल्ल्यावर चालून जाताना त्यांनी जबर हानी सोसली. समान पगाराचा कायदा जून १८६४ मध्ये झाला. देशासाठी मरायची तयारी आणि त्याच देशाला दिलेला नकार, हे दोन्ही एकाच रकान्यात लिहा. वेगळे केलेत की डग्लस यांचे भाषणही कळणार नाही, कारण ते स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याचा गौरव करतात आणि गुलामाला चार जुलै, म्हणजे स्वातंत्र्यदिन, कसला, असेही विचारतात.

टिपणासोबत उत्तरेच्या झेंड्याचे चित्र लावणार असाल तर तारे मोजा. राज्ये फुटली तरी लिंकन सरकारने त्यांचे तारे काढले नाहीत. जुलै १८६१ पासून ३४ आणि वेस्ट व्हर्जिनिया आल्यावर जुलै १८६३ पासून ३५ तारे हवेत. त्याहून कमी दिसले तर ते चित्र जुलै १८६१ नंतरच्या अधिकृत झेंड्याचे नाही.