पाणी पाठीवर, कोरड घशात: ट्रेकला बाटली नेताना या चुका टाळा

जानापावचा चढ तसा काही मोठा नाही. इंदूरहून महूच्या पुढे पंचेचाळीसेक किलोमीटर, उंची साडेआठशे मीटरच्या आसपास. परशुरामाचं जन्मस्थान आणि चंबळेचा उगम म्हणून लोक जातात, वरपर्यंत गाडीरस्ताही आहे. आम्ही रामबागेतली सहा-सात मंडळी मात्र हट्टानं पायवाटेनं चढतो. एकदा एप्रिलात अर्ध्या वाटेवर माझं डोकं ठणकायला लागलं, पाय जड झाले. बरोबरच्या काकांनी विचारलं, "अरे, पाणी नाही का आणलंस?" आणलं होतं की. दोन लिटर. सॅकच्या तळाशी, डब्याखाली, टॉवेलात गुंडाळून. सव्वा तासात मी त्याला हातही लावला नव्हता.

सगळं दुखणं इथेच आहे. बाटली काढायची म्हणजे सॅक उतरवा, चेन उघडा, डबा मांडीवर घ्या, तोवर मागचे खोळंबतात. मग माणूस म्हणतो, पुढच्या झाडाखाली बसू तेव्हा पिऊ. झाड आलं की म्हणतो, आता वरच पिऊ. त्यात सकाळी निघताना शेव घातलेले पोहे झालेले असतात, इंदूरकराचा त्याशिवाय पाय उचलत नाही, आणि ती शेव तासाभरात पाणी मागते.

उन्हात कष्टाचं काम करणाऱ्यांना दर पंधरा-वीस मिनिटांनी कपभर, म्हणजे दोनशे मिलिलिटरच्या आसपास पाणी घ्यायला सांगतात. चढावर हाच हिशेब धरावा. पण दर वीस मिनिटांना सॅक कोण उतरवणार? म्हणून मी आता घरातलीच पद्धत वापरतो: माठ पाठीवर, तांब्या हाताशी. मोठ्या बाटल्या सॅकमध्ये, अर्ध्या लिटरची एक हाताच्या टप्प्यात, आणि बसलो की माठातून तांब्या भरून घ्यायचा.

पाण्यापेक्षा बाटलीचाच भार

एक लिटर पाण्याचं वजन एक किलो, तिथे काही वाटाघाट नाही. वाटाघाट बाटलीशी होते. दुहेरी भिंतीचा लिटरभराचा स्टीलचा थर्मास रिकामाच अर्धा किलोच्या आसपास भरतो. विकतच्या पाण्याची पातळ प्लास्टिकची बाटली पंचवीस-तीस ग्रॅमची. दोन थर्मास नेले तर जवळजवळ लिटरभर पाण्याचं वजन नुसत्या धातूचं झालं. चहा न्यायचा असेल तर थर्मास हवाच, कारण ही पातळ बाटली गरम पाण्यात मऊ होऊन आकसते. साध्या पाण्याला मात्र तीच बरी.

ती फार नाजूक वाटत असेल तर कोल्ड्रिंकची बाटली घ्या. गॅसचा दाब सोसायचा म्हणून तिचं प्लास्टिक जाड असतं आणि बुडाला ते पाच पाय असतात. ओझं किंचित वाढतं, पण खडकावर आपटली तरी सहसा फुटत नाही. साखरेचा चिकटा आणि वास जाईपर्यंत मात्र नीट विसळावी लागते, नाहीतर मुंग्या आपल्याबरोबर ट्रेक करतात.

कप्पा आहे, हात पोचत नाही

बहुतेक सॅकना बाजूला जाळीचे कप्पे असतात आणि दुकानात ते छान दिसतात. घरी सॅक गच्च भरली की तिचं पोट बाहेर येतं आणि कप्पा आतून आवळला जातो. मग बाटली कशीबशी निघते, पण चालता चालता परत जात नाही. खरी परीक्षा काढण्याची नाहीच, परत ठेवण्याची आहे. आदल्या रात्री भरलेली सॅक पाठीवर घेऊन घरातच दहा वेळा बाटली काढा, घोट घ्या, न बघता परत ठेवा. आमच्या गटातल्या वहिनींनी हे केलं तेव्हा तिसऱ्याच वेळी बाटली सोफ्याखाली गेली. तीच जानापावच्या उतारावर गेली असती तर थेट झाडोऱ्यात.

उपाय साधे आहेत. सॅकचा मधला भाग थोडा सैल भरा, जाड कपडे वर घ्या. बाटली बुटकी-जाड नको, उंच-सडपातळ हवी, म्हणजे तिची मान कोपरापाशी येते आणि बोटांत सापडते. ती सरळ उभी न ठेवता तोंड थोडं पुढे कललेलं ठेवा. बाजूचा आवळायचा पट्टा बाटलीवरून घेतला तर ती पडत नाही, पण निघतही नाही. काही सॅकमध्ये हा पट्टा कप्प्याच्या आतून, बाटलीच्या मागून घेता येतो, तसा घ्या. बुटाची लेस बांधायला वाकलात की बाटली घरंगळतेच, तेव्हा मानेला सुतळीचा फास घालून दुसरं टोक सॅकच्या कडीला बांधा. हातभर लांबी पुरे. जास्त लांब ठेवली की झुडपात अडकते.

खांदा दुखरा असेल, हात मागे वळत नसेल, तर या कप्प्याचा नाद सोडा. पुढे बांधा.

खांद्याच्या पट्ट्यावरची बाटली

मला सगळ्यात आवडलेली सोय ही, आणि सगळ्यात जास्त चुकाही मी इथेच केल्या. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्यावर आडव्या शिवलेल्या छोट्या पट्ट्या असतात. त्यात इलॅस्टिकच्या दोरीचे दोन वेढे घालायचे, एक बाटलीच्या मानेला, एक खाली. पहिल्या खेपेला मी फक्त मानेला बांधली. दर पावलाला ती छातीवर आपटत होती, देवळातल्या घंटेसारखी. खालचा वेढा बाटलीच्या खालच्या तिसऱ्या हिश्शावर, खाचेत बसवला की ती गप्प होते. दुसऱ्या खेपेला इतकी वर बांधली की झाकण हनुवटीला लागायचं. झाकण गळ्याच्या हाडाखाली चार बोटं हवं.

इथे लिटरची बाटली लटकवू नका, पट्टा खाली ओढला जातो आणि त्या बाजूची मान धरते. अर्धा लिटर पुरे, दुसऱ्या पट्ट्यावर मोबाइल किंवा आणखी एक अर्धा लिटर, म्हणजे तोल जमतो. एक खोट मात्र राहतेच. उतारावर पाय कुठे पडतोय हे बघताना छातीवरची बाटली आड येते. महूजवळच्या पातालपाणी धबधब्याहून काळाकुंडकडे दगडांतून उतरताना मी ती काढून सरळ सॅकमध्ये टाकतो.

बर्फाची वीट

रात्री बाटली गळ्यापर्यंत भरून फ्रीजरमध्ये ठेवायची आणि सकाळी ठणठणीत गोळा घेऊन निघायचं, हे आमच्याकडे दर उन्हाळ्यात कुणीतरी करतंच. गोठताना पाणी नऊएक टक्के फुगतं, म्हणून बाटली टरारते, बुड बाहेर येतं आणि ती उभी राहत नाही. वर तहान लागते तेव्हा त्यातून चमचाभर पाणी निघतं. अर्धीच भरा, आडवी ठेवून गोठवा, निघताना वरून साधं पाणी घाला.

त्यापेक्षा आपल्या माळव्यातल्या जुन्या छागलीची युक्ती स्वस्त. जीपला, ट्रकला कॅनव्हासची पिशवी लटकलेली असायची, कापडातून पाणी झिरपायचं आणि वाऱ्यावर उडताना आतलं थंड करायचं. बाटलीला जुना सुती मोजा घाला आणि भिजवत राहा. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत फरक कळतो. पावसाळ्यात हवाच ओली, तेव्हा नुसता ओला मोजा मिरवणं होतं.

ओआरएसचा काढा

मोठं पाकीट एक लिटर पाण्यासाठी असतं. ते अर्ध्या लिटरच्या बाटलीत ओतलं की मीठ-साखर दुप्पट होते, चव बिघडते आणि तहान वाढते. पाकिटावर किती पाण्यात घालायचं ते छापलेलं असतं, दोनशे मिलिलिटरची छोटी पाकिटंही मिळतात. कालवलेलं पाणी चोवीस तासांनंतर टाकून द्या. एक बाटली कायम साध्या पाण्याची ठेवा. खरचटलं तर जखम धुवायला ओआरएस चालत नाही. आणि उलटी चूकही होते: दिवसभर घाम गाळत नुसतं पाणीच पीत राहिलं तर शरीरातलं मीठ पातळ होतं, त्यानंही डोकं दुखतं, मळमळतं. मधूनमधून खारे दाणे तोंडात टाका.

गळते, चुरचुरते, आक्रसते

गळत असेल तर आधी झाकणाचे आटे बघा, बहुतेक वेळा तिथे वाळूचा कण असतो. झाकण तिरकं बसलं असेल तर आधी उलटं फिरवून 'टक्' झालं की मग आवळा. निघण्याआधी भरलेली बाटली वर्तमानपत्रावर उलटी धरून दाबा. बुडाच्या घडीत चीर गेली असेल तर डाग दिसतो. पिताना बाटली आक्रसते कारण आपण ओठ घट्ट लावून ओढतो. ओठांत किंचित फट ठेवा, हवा आत जाते.

पाणी संपलं म्हणून धबधब्याच्या कुंडात उतरून बाटल्या भरायला जाऊ नका, विशेषतः पावसाळ्यात. जुलै २०११ मध्ये पातालपाणीला पाणी अचानक वाढलं आणि सहलीला आलेली माणसं वाहून गेली. वर ऊन असलं तरी पाऊस मागे डोंगरात पडलेला असू शकतो. अर्धं पाणी संपलं की परत वळायचं, हा आमच्या गटाचा नियम आहे आणि काका तो मोडू देत नाहीत.

घरी आल्यावर बाटली गरम नव्हे, कोमट पाण्यानं धुवा, झाकण वेगळं काढा आणि उलटी करून पूर्ण वाळवा. चोखायच्या झाकणात काळी बुरशी धरते, तिथे जुना टूथब्रश फिरवा. प्लास्टिक धुरकट झालं, घडीवर पांढरं पडलं की बाटली बदला. माझी मात्र त्याआधीच जायची. सकाळी कचरागाडी आली की आई ओट्यावरची रिकामी बाटली चेपून सुक्या कचऱ्यात टाकून मोकळी. आता मी तिच्यावर मार्करनं मोठ्या अक्षरांत लिहून ठेवलंय: 'आई, ही ट्रेकची आहे.'