चिकटवहीतील खासगी मजकूर झाकण्यासाठी
चिकटवहीच्या पानावर मनातले लिहायचे आहे, पण वही हाती घेणाऱ्या प्रत्येकाने ते वाचू नये असे वाटत असेल (आणि तसे वाटण्यात काहीही गैर नाही), तर छायाचित्राच्या तीनच कडांना गोंद लावून वरची कड मोकळी ठेवावी आणि तयार झालेल्या खिशात आम्लमुक्त (म्हणजे लवकर पिवळ्या न पडणाऱ्या) कागदावरची चिठ्ठी सरकवावी. लिहिलेले पुन्हा वाचायचेच नसेल, तर त्यावर जेसोचे (रंगकामाआधी द्यायच्या पांढऱ्या अस्तराचे) किंवा अपारदर्शक ॲक्रिलिक रंगाचे दोन पातळ थर द्यावेत. मात्र मजकूर जलरोधक शाईने लिहून पूर्ण वाळू द्यावा, कारण पाण्यात विरघळणारी शाई ओल्या थरात मिसळून वर उमटते. शेवटी पान उजेडासमोर धरावे. मागून अक्षरे दिसत असतील, तर त्या बाजूला जाड कागद चिकटवावा.