डॉर्सल हॉर्न आणि एन्केफॅलिन: फर्स्ट इयरवाल्यांसाठी

कोल्हापुरात एमबीबीएसला आलेले बरेच जण शरीरातल्या नैसर्गिक ओपिऑइडचा (वेदना दाबणाऱ्या, अफूसारख्या द्रव्यांचा) टॉपिक परीक्षेच्या आदल्या रात्रीवर ढकलतात. पुस्तकात त्याला जागा कमी, म्हणून तो सोपा वाटतो. पण इथे पाठांतर फार कामाला येत नाही, बाण काढावे लागतात.

मेंदूपासून सुरुवात करू नका. मज्जारज्जूचा आडवा छेद काढा, डॉर्सल हॉर्न (पाठीकडचा भाग, जिथे वेदनेचे तंतू शिरतात) मोठं करा आणि तिथला एकच सिनॅप्स (दोन पेशींमधला सांधा) घेऊन बसा. ए-डेल्टा आणि सी तंतू वेदनेची खबर आणतात. त्यांच्या टोकाला पुढच्या पेशीला चेतवणारं ग्लुटामेट सुटतं, सी तंतूंतून सबस्टन्स पी सुद्धा, आणि पुढची पेशी खबर वर धाडते. सब्स्टॅन्शिया जिलॅटिनोझातल्या (डॉर्सल हॉर्नच्या वरच्या थरातल्या) छोट्या पेशी एन्केफॅलिन हे शरीराचं स्वतःचं ओपिऑइड सोडतात, ते म्यू आणि डेल्टा या ओपिऑइड रिसेप्टरवर बसतं. मग दोन गोष्टी घडतात. येणाऱ्या तंतूच्या टोकावरचे कॅल्शियम चॅनेल दबतात, त्यामुळे ग्लुटामेट कमी सुटतं. पुढच्या पेशीचे पोटॅशियम चॅनेल उघडतात, पोटॅशियम बाहेर जातं आणि पेशी सहज पेटत नाही. उसात पाटाचं तोंड बुजवायचं आणि वर वरंबाही उंच करायचा, तसला दुहेरी बंदोबस्त.

व्हायवात गाडी अडते ती पुढे. ओपिऑइड पेशीला गप्प करतं, तर पेरिॲक्विडक्टल ग्रेमध्ये (मध्यमेंदूतल्या भागात) मॉर्फीन पोचल्यावर वेदना रोखणारी वाट उलट जागी कशी होते? कारण तिथे गप्प होतात त्या गॅबा हे दाबणारं द्रव्य सोडणाऱ्या पेशी. वाट दाबून धरणाराच हटला की संदेश रोस्ट्रल व्हेंट्रोमेडियल मेड्युलातून (मेंदूच्या देठातल्या भागातून) खाली डॉर्सल हॉर्नपर्यंत येतो. प्रत्येक बाणाशी 'कुणाला गप्प केलं?' एवढं विचारा, निम्मा गोंधळ तिथेच मिटतो.

सालं थोडीच लागतात. मेल्झॅक आणि वॉल यांचा गेट सिद्धांत (वेदनेची खबर मज्जारज्जूतल्या फाटकावर अडवता येते, हा विचार) 1965, ओपिऑइड रिसेप्टर 1973, ॲबर्डीनला ह्यूज आणि कोस्टरलिट्झ यांना सापडलेलं एन्केफॅलिन 1975. रिसेप्टर आधी, शरीराचं स्वतःचं द्रव्य नंतर, हा क्रम परीक्षकांना आवडतो.

तालमीतल्या पोरांशी बोला. कुस्ती चालू असताना बोट निखळलेलं कळत नाही, लंगोट सोडताना ठणका लागतो, असं सांगणारे इथे भेटतील. पण लगेच 'एंडॉर्फिन' म्हणून मोकळे होऊ नका. असल्या ताणात नॉरॲड्रेनॅलिन आणि शरीरातली कॅनाबिनॉइड (गांजासारखी) द्रव्यंही हात लावतात, आणि मज्जारज्जूत मुख्य काम एन्केफॅलिनचं असतं. बातम्यांनी एंडॉर्फिनला फारच डोक्यावर घेतलंय.

मला स्वतःला हे सगळं खरं बसलं ते ओटीत (ऑपरेशन थिएटरात). स्पायनलच्या, म्हणजे कमरेतून द्यायच्या भुलीच्या सिरिंजमध्ये भूल देणाऱ्या मॅडमनी बुपिव्हाकेनसोबत थोडं फेंटानिल हे ओपिऑइड घेतलं. बुपिव्हाकेन सोडियम चॅनेल अडवतं, म्हणून पाय हलत नाहीत. फेंटानिल तसं करत नाही. स्पर्श नेणाऱ्या जाड तंतूंवर ओपिऑइड रिसेप्टर फार कमी, म्हणून नुसतं ओपिऑइड दिलं तर वेदना उतरते आणि स्पर्श बऱ्यापैकी शाबूत राहतो. ओटीत शिरायची संधी मिळाली तर मॅडमना दोन प्रश्न जरूर विचारा: स्पायनलमध्ये मॉर्फीन दिलेल्या पेशंटच्या श्वासावर कित्येक तास नजर का ठेवतात, आणि नॅलोक्सोन हे औषध हाताशी का लागतं?