फुलपाखरांसाठी पावसाळी लागवड: फुलांआधी अळीच्या पानांची सोय

पाऊस स्थिरावला की मुंबईत फुलपाखरांची वर्दळ वाढते आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत टिकते. त्यासाठी बाल्कनीत घाणेरी, पेंटास, एक्झोरा लावायची पद्धत आहे. या फुलांवर फुलपाखरं मध पितात आणि निघून जातात. अंडी घालायला मादीला ठरावीक झाडच लागतं, कारण अळी सहसा आपल्या ठरलेल्या कुळातलीच पानं खाते. जुलैच्या मध्यापर्यंत हे झाड लावा. श्रावणात कोवळी पालवी मिळाली की अंडी दिसू लागतात.

जागा एकाच कुंडीपुरती असेल तर कढीपत्ता लावा. लाइम बटरफ्लाय आणि कॉमन मॉरमॉन दोघांच्याही अळ्या त्यावर वाढतात. कुंडी किमान १२ इंची हवी आणि रोज चार-पाच तास ऊन. दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग जाडी वाळू घ्या. पावसाळ्यात कोकोपीट टाळलेलं बरं, पाणी धरून ठेवतं आणि मुळं कुजतात. तळाच्या भोकावर खापरीचा तुकडा ठेवा. कुंडीखालची ताटली पावसाळाभर काढून टाका, नाहीतर मुळं तर जातीलच, शिवाय साचलेल्या पाण्यात डासही होतील. बियांपासून रोप करायचं तर काळी पिकलेली फळं घेऊन गर काढा आणि बी लगेच पेरा. वाळवून ठेवलेलं बी सहसा रुजत नाही. जुन्या झाडाच्या मुळाशी फुटलेलं पिल्लू मुळासकट काढून लावलं तर काम आणखी सोपं.

पानावर पक्ष्याच्या विष्ठेसारखं काळं-पांढरं काही दिसलं तर पुसू नका, ती लाइम बटरफ्लाय किंवा कॉमन मॉरमॉनची लहान अळी असते. मोठी झाली की हिरवी होते. तिला डिवचलं तर डोक्यामागून नारिंगी-लाल दुहेरी शिंग बाहेर येतं आणि उग्र वास सुटतो. तो तिचा बचाव आहे, माणसाला त्यापासून धोका नाही. दीड-दोन फुटी झाडावर तीन-चारच अळ्या ठेवा. जास्त झाल्या तर दुसऱ्या कढीपत्त्यावर, पानासकट उचलून हलवा. लिंबाच्या छोट्या रोपाला मात्र या अळ्या खरंच बोडकं करतात, तिथल्या अळ्या मोठ्या लिंबावर सोडा. ब्लू मॉरमॉन, म्हणजे २०१५मध्ये जाहीर झालेलं आपलं राज्य फुलपाखरू, याच कुळातल्या माकडलिंबू आणि पपनसावर येतं. येऊर किंवा बोरिवलीच्या नॅशनल पार्कालगत राहणाऱ्यांनी ही झाडं आवारात जमिनीत लावावीत.

दुसरं झाड रुई. मारुतीच्या हारासाठी शनिवारी पानं शोधणाऱ्यांना ती कुठे उगवते हे ठाऊक असतंच. जून झालेल्या फांदीचा आठ-दहा इंचांचा तुकडा घ्या, चीक सुकायला एक दिवस सावलीत ठेवा, मग भरपूर वाळू असलेल्या मातीत खोचा. चीक डोळ्यात गेला तर गंभीर इजा होते, म्हणून हातमोजे घाला आणि लहान मुलांच्या हाताला लागेल अशी कुंडी ठेवू नका. रुईवर प्लेन टायगर फुलपाखराच्या पांढऱ्या-काळ्या-पिवळ्या पट्ट्यांच्या अळ्या येतात, तसाच पिवळा मावाही (रस शोषणारे बारीक किडे) हमखास येतो. मावा दिसला की लोक कडुनिंबाचं तेल फवारतात आणि अळ्याही मरतात. त्याऐवजी आधी पानाच्या खालची बाजू बघा, अंडी नसलेल्या पानांवरचा मावा ओल्या बोटाने पुसा.

ईश्वरीची वेल (काही ठिकाणी सापसण म्हणतात) कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ या फुलपाखरांसाठी. नर्सरीत नाव सांगूनच मागा. मोठ्या, ठिपकेदार फुलांची शोभेची परदेशी बदकवेल तिच्याच नात्यातली, पण तिच्यावर अंडी घातली गेली तरी अळ्या जगतीलच असं नाही. एका वेलीचा फडशा लवकर पडतो, तेव्हा तीन तरी वेली लावा. वेल विषारी आहे, औषध म्हणून चाखू नका.

आवारातल्या खोट्या अशोकावर टेल्ड जे या फुलपाखराची अळी वाढते. मादी कोवळ्या तांबूस पालवीवरच अंडी घालते. सोसायटीची छाटणी मेमध्येच आटपा, जुलै ते सप्टेंबर झाडाला हात लावू नका. बहाव्यावर आणि आपोआप उगवणाऱ्या टाकळ्यावर पिवळी फुलपाखरं येतात, टाकळ्याचं तण सगळंच उपटू नका. पानफुटी मूळची परदेशी, तरी रेड पिएरो फुलपाखराला चालते. तिची अळी पानाच्या आत शिरून गर खाते. पान पोकळ, पारदर्शक दिसलं आणि आत काळे कण असले तर तो रोग समजून तोडू नका.

नर्सरीतल्या औषधानेही अळ्या मरतात. इमिडाक्लोप्रिडसारखं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं कीटकनाशक पानात महिनोन् महिने राहतं. अळ्या एकाएकी लुळ्या पडून गळू लागल्या तर ही शंकाही घ्या. फवारणी कधी केली ते विकत घेतानाच विचारा, खात्री नसेल तर बी किंवा फांदीपासूनच रोप करा. दुसरा घात डासांच्या धूरफवारणीचा. तारीख कळली की कुंड्या आत घ्या, दारं-खिडक्या लावा आणि धूर विरल्यावरच बाहेर काढा.

पूर्ण वाढलेली अळी कोष करायला बहुधा झाड सोडून जाते. ग्रिलवर, कुंडीच्या काठाखाली, वाळक्या काडीवर ती लटकते, म्हणून कुंडीजवळ दोन-तीन खरबरीत काड्या खोचा. मोठ्या जातींचा कोष साधारण आठ ते बारा दिवसांत उकलतो. उमलायच्या आदल्या दिवशी त्यातून पंखांचे रंग दिसू लागतात. कोष काळा पडून कडक झाला किंवा त्याला बारीक भोक दिसलं तर आत परजीवी माशी किंवा गांधीलमाशी वाढलेली असू शकते. तेवढाच कोष काढा, फवारणी करू नका.