आखातातले तहनामे बडोद्यात बसून कसे वाचावेत

एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी अरब शेखांशी केलेले करार अभ्यासायचे असतील तर सुरुवात १८२० च्या रास अल खैमाच्या तहापासून करू नका, १८५३ पासून करा. ४ मे १८५३ चा कायमच्या सागरी शांततेचा तह आखूड आहे, एका बैठकीत वाचून होतो, आणि त्यातली मुख्य युक्ती बडोद्याचा इतिहास जाणणाऱ्याला परकी नाही. ती युक्ती म्हणजे बहांदरी.

गायकवाडांच्या फौजेत अठराव्या शतकाच्या अखेरीस अरब शिबंदीचा, म्हणजे पगारी शिपायांचा, मोठा जोर होता. दरबाराने सावकाराला किंवा जमीनदाराला दिलेला शब्द मोडला जाणार नाही याला अरब जमादार जामीन राहत. हीच बहांदरी. १८०२ मध्ये मेजर अलेक्झांडर वॉकर ईस्ट इंडिया कंपनीचा रेसिडेंट, म्हणजे दरबारातला प्रतिनिधी, म्हणून आला, आणि त्याच वर्षी डिसेंबरात कंपनीच्या फौजेने शहराला वेढा घालून अरबांचा जोर मोडला. पगाराची थकबाकी चुकती करून त्यांना वाटेला लावणं सोपं होतं. त्यांनी दिलेल्या हमीचं काय करायचं, हा खरा पेच होता. कंपनीने त्यातल्या बऱ्याचशा आपल्या अंगावर घेतल्या, आणि त्याबरोबर दरबार आणि रयत यांच्यातल्या भांडणात तोंड घालायचा हक्कही मिळवला.

आता १८५३ चा तह समोर ठेवा. कवासिम या अरब टोळीचा सुलतान बिन सक्र आणि अबू धाबी, दुबई, अजमान, उम्म अल कुवैन इथले शेख असे पाच जण बांधले गेले आहेत. समुद्रावर कुणी आगळीक केली तर त्याच्या शेखाने त्याला शासन करून भरपाई द्यायची. ज्याच्यावर हल्ला झाला त्याने उलट हल्ला करायचा नाही. इराणच्या किनाऱ्यावरच्या बुशहरच्या ब्रिटिश रेसिडेंटला किंवा बासिदूच्या कमोडोरला (आरमारी अधिकाऱ्याला) कळवायचं आणि ते भरपाई मिळवून देतील. शांतता पाळली जाते की नाही यावर नजर ब्रिटिश सरकारची. बांधले गेलेले पाच, जामीन एक. बडोद्याची नक्कल आखातात झाली असं मात्र लिहून मोकळे होऊ नका, तसा दुवा कागदात दाखवावा लागेल. वाचायची किल्ली म्हणून बहांदरी पुरेशी आहे.

हा तह एकदम आलेला नाही. २१ मे १८३५ ला रेसिडेंट हेनेलच्या मध्यस्थीने झालेला पहिला करार फक्त सहा महिन्यांचा होता. मोत्यांचा हंगाम उन्हाळ्यात, तेवढ्यात मारामारी नको, इतकाच हिशेब. तो वरचेवर वाढवत नेला, १८४३ मध्ये दहा वर्षांचा केला आणि दहा वर्षं सरताच कायमचा. म्हणून कुठल्याही कराराचं पहिलं टिपण करताना मुदत लिहा आणि ती मुदत कोणत्या हंगामाशी जुळते ते शेजारी लिहा.

कागद मिळवायचे कुठून? छापील मजकुरासाठी एचिसनचा तहसंग्रह. १९३३ च्या आवृत्तीत एडन, आखाती शेख आणि मस्कत अकराव्या खंडात आहेत. आधीच्या आवृत्त्यांत खंडक्रमांक वेगळे, तेव्हा आवृत्तीचं वर्ष न लिहिता नुसता खंड नोंदवू नका. पत्रव्यवहारासाठी एक तारीख पाठ करा: १८७३. तोवर बुशहरची रेसिडेन्सी मुंबई सरकारच्या हाताखाली होती, त्यानंतर थेट हिंदुस्थान सरकारच्या. त्यामुळे आधीचे कागद मुंबईच्या पुराभिलेखागारात, काळा घोड्याजवळच्या एल्फिन्स्टन कॉलेजच्या इमारतीत, आणि नंतरचे दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात शोधायचे. एडन याला अपवाद. १८३९ मध्ये कॅप्टन हेन्सने घेतलेलं ते बंदर १९३२ पर्यंत मुंबईकडेच होतं. खुद्द बुशहर रेसिडेन्सीचं दप्तर ब्रिटिश लायब्ररीत आहे आणि त्याचा मोठा भाग कतार डिजिटल लायब्ररीवर फुकट पाहता येतो. दिल्लीचं बरंच साहित्य ‘अभिलेख पटल’वर चढलं आहे. गाडी पकडण्याआधी हे दोन्ही चाळा. बडोद्यातल्या दप्तरात आखाताचे करार शोधत बसू नका. तिथे बहांदरी आणि अरब शिबंदीची बाजू पाहायची, आणि त्यासाठी मोडी यायलाच हवी.

शोधताना आजचं नाव टाकलं तर निम्मे कागद सुटतात. कवासिमांना इंग्रज कारकून ‘जोआस्मी’ लिहीत, बुशहरचं ‘अबुशहर’ होई, कुवेतचं ‘कोवेत’, आणि मस्कतच्या राज्यकर्त्याला ते सुलतान न म्हणता बराच काळ ‘इमाम’ म्हणत. प्रत्येक नावाचे तीन-चार जुने अवतार वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा आणि सगळे टाकून पाहा.

तारखा हा सगळ्यात निसरडा भाग. ढोबळ हिशेबासाठी हिजरी सनाला ०.९७ ने गुणून ६२२ मिळवा. १२३५ ला हे केलं की १८१९.९५ येतं, म्हणजे ते हिजरी वर्ष १८१९ च्या शेवटी आणि १८२० मध्ये पडतं. नेमकी तारीख मात्र कोष्टकानेच काढायची, आणि तिथेही एक दिवस इकडेतिकडे होतो. रास अल खैमाच्या तहावर २२ रबी उल अव्वल १२३५, शनिवार, अशी नोंद आहे; कोष्टक ८ जानेवारी १८२० देतं आणि तो खरोखर शनिवारच होता. कुवेतच्या करारावर १० रमजान १३१६ म्हणजे २३ जानेवारी १८९९ असं लिहिलं आहे, पण कोष्टक २२ देतं. महिना चंद्र दिसल्यावर सुरू होतो आणि अरबी दिवस सूर्यास्तापासून मोजतात, म्हणून हा फरक पडू शकतो. अशा वेळी कोष्टकाप्रमाणे तारीख ‘दुरुस्त’ करू नका. कागदावरच्या दोन्ही तारखा जशाच्या तशा द्या. वार लिहिला असेल तर तोच पंच. सहीची तारीख आणि मंजुरीची तारीखही वेगळ्या ठेवा. १८२० चा तह सगळ्या शेखांनी एकाच दिवशी केलेला नाही, सह्या जानेवारीपासून मार्चपर्यंत होत राहिल्या. शेखांचा परराष्ट्र व्यवहार ब्रिटिशांकडे देणाऱ्या १८९२ च्या करारांवर शेखांच्या सह्या मार्चमधल्या, व्हाइसरॉय लॅन्सडाऊनची मंजुरी मे महिन्यातली.

मग कलमं. प्रत्येक कलमासमोर लिहा: कोण बांधला गेला, समुद्रावर की जमिनीवर, जामीन कोण, आणि समोरच्याने बदल्यात काय दिलं. चौथा रकाना बऱ्याचदा रिकामा राहतो आणि तोच सगळ्यात बोलका. कुवेतचा १८९९ चा करार घ्या. शेख मुबारक लिहून देतो की ब्रिटिश सरकारच्या परवानगीशिवाय दुसऱ्या सत्तेचा वकील ठेवणार नाही, जमीन विकणार नाही, भाड्याने वा गहाण देणार नाही. बुशहरचा रेसिडेंट कर्नल मीड बदल्यात काय देतो? करारात काही नाही. सद्भावनेचं आश्वासन आणि बुशहरच्या खजिन्यातले १५,००० रुपये एका वेगळ्या पत्रात आहेत. नुसता करार वाचणारा म्हणेल मुबारकने फुकट सही केली. म्हणून कराराच्या आगेमागची पत्रं त्याच दिवसाच्या नोंदीत ओढून आणल्याशिवाय निष्कर्ष लिहू नका.

१८२० च्या तहात अकरा कलमं आहेत. तिसऱ्यात निशाण ठरवलं आहे: लाल, भोवती पांढरी किनार, किनारीची रुंदी लाल भागाइतकी. पाचव्यात गलबताची कागदपत्रं: एकात लांबी, रुंदी आणि किती कर्रा (मालाचं एक माप) माल मावतो, दुसऱ्यात मालक, नाखुदा (कप्तान), माणसं, शस्त्रं, कुठून निघालं आणि कुठे चाललं. जप्तीची तक्रार वाचताना हे कागद होते की नव्हते ते आधी पाहा, बरेच वाद तिथेच उलगडतात. नवव्या कलमात आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून गुलाम पळवून नेणं ही चाचेगिरी ठरवली आहे. त्यावरून ‘१८२० मध्ये आखातात गुलामांचा व्यापार बंद झाला’ असं लिहिणं ही नेहमीची चूक. मुंबई सरकारने कलमाचा अर्थ ‘पळवणं’ एवढाच आवळून घेतला. विकत घेतलेले गुलाम येत राहिले आणि त्यासाठी १८४७ मध्ये वेगळे करार करावे लागले.

आणि चाचेगिरी हा शब्दच कंपनीचा आहे. कवासिम त्याला व्यापारातली आणि मस्कतशी असलेली लढाई म्हणाले असते, इतिहासकारांचा वाद अजून चालू आहे. आपल्या वाक्यात तो शब्द वापरायचा तर कुणाचा आहे ते सांगून वापरा.

रकमांचं रूपांतर जपून. बडोद्याचे जुने आकडे बाबाशाही रुपयांत असू शकतात, एडनचे बहुतेक मारिया थेरेसा डॉलर या ऑस्ट्रियन चांदीच्या नाण्यात. एडनच्या बदल्यात हेन्सने तिथल्या धन्याला, लहेजच्या सुलतानाला, वर्षाला ८,७०० डॉलर कबूल केले. त्या डॉलरमध्ये सुमारे २३.४ ग्रॅम शुद्ध चांदी, कंपनीच्या १८३५ नंतरच्या रुपयात सुमारे १०.७; म्हणजे चांदीच्या वजनाने ती रक्कम १९,००० रुपयांच्या आसपास जाते. बाजारातला भाव याहून वेगळा असे, म्हणून मूळ आकडा आधी लिहा आणि रूपांतर कंसात.

शेवटची अडचण बडोदेकरालाच जास्त येते: शेख म्हणजे छोटा गायकवाड, असं धरून चालण्याची. दोघांचा कारभार एकाच राजकीय खात्याकडे होता, भाषाही सारखी दिसते. पण अबू धाबीत तैनाती फौज नव्हती, दुबईत रेसिडेंट बसत नव्हता. शारजात रेसिडेन्सीचा एक देशी एजंट, बाकी सगळं बुशहरहून आणि लढाऊ जहाजांवरून. १८५३ चा तह जमिनीवरच्या लढायांना हातही लावत नाही, त्या चालूच राहिल्या. परराष्ट्र व्यवहार पूर्णपणे ब्रिटिशांकडे जातो तो १८९२ मध्ये, बडोद्याच्या १८०५ च्या तहानंतर सत्त्याऐंशी वर्षांनी. तुलनेचा तक्ता करायचाच असेल तर त्यात पहिला रकाना वर्षाचा ठेवा आणि त्यानंतरचा फौजेचा.