पॉवर स्टेअरिंग वारंवार जड होत असेल तर काय करावे

यवतेश्वराच्या घाटातून साताऱ्याकडे उतरताना एका वळणावर माझ्या गाडीचे स्टेअरिंग अचानक जड झाले, डॅशबोर्डवर पिवळा दिवा लागला आणि पोवई नाक्यावर पोहोचेपर्यंत तो विझलाही. सर्व्हिस सेंटरने दुसऱ्या दिवशी "काही सापडले नाही" असे सांगून गाडी परत दिली, आणि पुढच्या दोन महिन्यांत तोच प्रकार आणखी तीनदा घडला. अशा येणाऱ्या-जाणाऱ्या बिघाडात दुरुस्ती हा सोपा भाग असतो; बिघाड खरोखर झाला होता हे कागदावर आणणे अवघड असते, आणि ते काम गाडीच्या मालकालाच करावे लागते.

आधी रस्त्यावरचे. पॉवर स्टेअरिंग हातांना देते ती मदत गेली तरी बहुतेक सर्व गाड्यांत स्टेअरिंग आणि चाके यांचा यांत्रिक जोड कायम असतो, त्यामुळे गाडी वळते, फक्त हातांना जोर लावावा लागतो. दोन्ही हातांनी स्टेअरिंग घट्ट धरून, खालच्या गिअरमध्ये वेग कमी करत सरळ आणि मोकळ्या जागी डाव्या बाजूला थांबावे. वेग जितका कमी तितके स्टेअरिंग अधिक जड लागते, म्हणून अगदी कडेला घेतानाचे शेवटचे वळण सर्वांत जास्त जोर मागते, हे आधीच ध्यानात असावे. चालत्या गाडीत इंजिन बंद करणे मात्र घातक आहे, कारण त्याने ब्रेकची मदतही जाते आणि किल्ली मागे फिरवून काढली तर स्टेअरिंग कुलूपबंद होऊ शकते. पसरणी किंवा खंबाटकीच्या उतारावर इंधन वाचवण्यासाठी इंजिन बंद करून गाडी सोडण्याची सवय काही चालकांना अजून आहे. ती याच कारणासाठी सोडली पाहिजे.

थांबल्यावर इंजिन बंद करण्यापूर्वी डॅशबोर्डचे छायाचित्र घ्यावे, ज्यात दिवा आणि किलोमीटरचा आकडा दोन्ही दिसतील. नंतर गाडी पुन्हा सुरू केल्यावर स्टेअरिंग हलके झाले, तरी ते बरे झाले असे समजू नये.

आपल्या गाडीत कोणती प्रणाली आहे, हे माहीत असणे आवश्यक आहे. जुन्या हायड्रॉलिक प्रकारात इंजिनच्या बेल्टवर चालणारा पंप असतो. त्यात ऑइलची पातळी, पाइपची गळती, बेल्टचा ढिलेपणा आणि वळवताना येणारा घरघर आवाज एवढे पाहिले तरी बरेच कळते. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत विजेच्या मोटरवर चालणारी प्रणाली असते, ज्यात ऑइल नसते. तिथे दोष मोटरमध्ये, स्टेअरिंगवरचा जोर मोजणाऱ्या सेन्सरमध्ये, नियंत्रक यंत्रणेत किंवा पुष्कळदा केवळ वीजपुरवठ्यात असतो. इंजिन बंद असताना चांगली बॅटरी साधारण 12.5 व्होल्ट दाखवते आणि इंजिन सुरू असताना आकडा साधारणपणे 13.5 ते 14.5 च्या दरम्यान असतो. तो घसरत असेल, तर महागडी मोटर बदलण्याआधी बॅटरीचे टर्मिनल, अर्थिंगची वायर आणि अल्टरनेटर (इंजिनवर चालून वीज तयार करणारा भाग) तपासून घ्यावा. अरुंद जागेत स्टेअरिंग वारंवार टोकापर्यंत फिरवल्यास मोटर तापते आणि यंत्रणा स्वतःहून मदत कमी करते. तो दोष नव्हे.

दिवा विझला तरी फॉल्ट कोड, म्हणजे बिघाडाची सांकेतिक नोंद, बहुधा यंत्रणेच्या स्मृतीत राहतो. म्हणून हा कोड वाचणारे उपकरण, म्हणजे स्कॅनर, लावण्याआधी कोणालाही बॅटरीचे टर्मिनल काढू देऊ नये; "रिसेट करून देतो" म्हणणारा मेकॅनिक मदतीच्या भावनेने आपला पुरावाच पुसून टाकू शकतो. कोड मिटवण्यापूर्वी त्याचा छापील अहवाल मागावा. माझ्या बाबतीत चौथ्या खेपेला मी मेकॅनिकला शेजारी बसवून स्कॅनर जोडलेल्या अवस्थेत पुन्हा यवतेश्वराचा घाट चढायला लावला, आणि चढावरच्या वळणावर व्होल्टेज कोसळताना त्याने स्वतः पाहिले. अर्थिंगच्या बोल्टखाली गंज होता. सर्व्हिस सेंटरच्या आवारातील दोन फेऱ्यांत हे कधीही दिसले नसते.

जॉब कार्डवर, म्हणजे गाडी घेताना सर्व्हिस सेंटर तक्रार लिहून घेते त्या कागदावर, "जनरल चेकअप" लिहू देऊ नये. कोणत्या तारखेला, किती किलोमीटरवर, चढावर की उतारावर, पावसात की कोरड्या हवेत, किती वेळ स्टेअरिंग जड राहिले, हे आपल्या शब्दांत लिहून घ्यावे, आणि काही सापडले नसेल तर "काही सापडले नाही" हेही लेखी घ्यावे. त्याच दोषासाठीची अशी तीन-चार जॉब कार्डे तोंडी वादापेक्षा कितीतरी वजनदार ठरतात.

दोष तुमच्या एकट्या गाडीचा नसू शकतो. अमेरिकेत हजारावर तक्रारींनंतर चौकशी सुरू झाली आणि 2010 मध्ये जनरल मोटर्सने विजेच्या पॉवर स्टेअरिंगमधील दोष दुरुस्त करण्यासाठी सुमारे 13 लाख गाड्या परत बोलावल्या. भारतात मारुती सुझुकीने जुलै 2023 मध्ये स्टेअरिंगच्या टाय रॉडमधील (स्टेअरिंग चाकांना जोडणारा दांडा) संभाव्य दोषासाठी एस-प्रेसो आणि ईको मिळून 87,599 गाड्या बोलावल्या. कंपनीच्या संकेतस्थळावर चासी क्रमांक टाकून आपली गाडी अशा मोहिमेत आहे का, ते पाहता येते. मोटार वाहन कायद्यातील 2019 च्या दुरुस्तीमुळे सदोष गाड्या परत बोलावण्याचा आदेश देण्याचा अधिकार केंद्र सरकारकडे आला. त्याचे नियम 1 एप्रिल 2021 पासून लागू आहेत आणि सात वर्षांपेक्षा कमी वयाच्या गाड्यांच्या मालकांना केंद्राच्या वाहन पोर्टलवर तक्रार नोंदवता येते. ती अवश्य नोंदवावी, कारण कारवाईसाठी तक्रारींची संख्या मोजली जाते.

नुकसानभरपाईचा मार्ग वेगळा आहे. आधी विक्रेता आणि कंपनी या दोघांना लेखी पत्र पाठवावे, 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर नोंद करावी, आणि तरीही दाद न मिळाल्यास जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार तक्रारदार जिथे राहतो तिथेच तक्रार करता येते, म्हणजे गाडी पुण्यात घेतली असली तरी सातारकराला साताऱ्यात दाद मागता येते. वकील सक्तीचा नाही, आणि तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांची मुदत आहे. उत्पादनातील दोष सिद्ध करण्यासाठी आयोग गाडीची तज्ज्ञ तपासणी करवू शकतो, म्हणून तक्रार चालू असताना बाहेर परस्पर दुरुस्ती करू नये. वॉरंटीत भाग बदलला गेला, तर जुना भाग कंपनीकडे जातो. तो जाण्यापूर्वी त्यावरील क्रमांकाचे छायाचित्र घ्यावे आणि नव्या भागाचा क्रमांक बिलावर लिहून घ्यावा.