अश्वस्पर्धेतील दुखापती आणि आजारांचा हिशेब : या चुका टाळा

अश्वस्पर्धा संपल्यावर आयोजकांना विचारले, की किती घोडे जखमी वा आजारी झाले, तर उत्तर बहुधा रिंगणात पडलेल्या घोड्यांपुरतेच मिळते. पहिली आणि सर्वांत मोठी चूक हीच आहे, कारण घोड्याचे पुष्कळसे दुखणे प्रवासात सुरू होते, पागेत वाढते आणि घरी परतल्यावर दिसते.

दुसरी चूक भागाकाराची. समजा, ४० घोडे आले, तीन दिवसांत ते मिळून १०० वेळा रिंगणात उतरले आणि दोघांना इजा झाली. घोड्यांमागे हा दर ५ टक्के भरतो, तर रिंगणात उतरण्यामागे हजारी २०. दुसऱ्या एखाद्या स्पर्धेत तितकेच घोडे फक्त ५० वेळा उतरले आणि तेथेही दोनच जखमी झाले, तर घोड्यांमागचा दर तोच राहतो, पण हजारी दर ४० होतो. म्हणून दुखापत रिंगणात उतरण्याच्या संख्येवर मोजावी. आजाराला मात्र ते माप लागू पडत नाही, कारण पोटशूळ उठलेला घोडा रिंगणापर्यंत पोहोचतच नाही. ४० घोडे चार दिवस पागेत राहिले, तर १६० घोडा-दिवस धरून आजार त्यांवर मोजावा, आणि माघार घेतलेल्या प्रत्येक घोड्यापुढे कारण लिहावे. ‘वैयक्तिक कारण’ हा शेरा घोड्याच्या बाबतीत तरी चालू नये!

चोर्ला किंवा आंबोलीचा घाट उतरून गोव्यात येणाऱ्या घोड्याचे डोके ट्रकमध्ये उंच बांधून ठेवणे ही सवय सर्रास आढळते. तोल जाऊ नये, हा हेतू असतो. पण मान खाली घालता न आल्यास श्वासनलिकेतला कफ आणि धूळ बाहेर पडत नाही, जंतू फुप्फुसांत उतरतात आणि ताप एक-दोन दिवसांनी चढतो. दोर सैल ठेवावा, आणि प्रवास लांबचा असल्यास वाटेत थांबून डोके खाली घेऊ द्यावे व पाणी दाखवावे. चाऱ्याचेही तसेच आहे. घरी लसूण घास खाणाऱ्या घोड्याला येथे आल्या दिवशी केवळ भाताच्या पेंढ्यावर ठेवले, की पोटशूळाला निमंत्रण मिळते. घोड्याला ओकता येत नाही, त्यामुळे आत अडकलेल्याला वर येण्याची वाटच नसते. नवा चारा सात ते दहा दिवसांत हळूहळू वाढवावा, अन्यथा घरचाच सोबत आणावा.

गोव्याच्या हवेत सर्वाधिक फसगत उष्म्याची होते. पारा फार चढलेला नसला, तरी दमट हवेत घाम वाळत नाही आणि अंग थंड होत नाही. शिवाय घामावाटे मीठ पुष्कळ जाते. तापलेल्या घोड्यावर गार पाणी ओतल्यास स्नायू आखडतात, अशी जुनी समजूत मोतद्दारांमध्ये, म्हणजे घोड्यांची निगा राखणाऱ्यांमध्ये, अजून आहे. १९९६च्या अटलांटा ऑलिंपिकच्या निमित्ताने दमट उष्म्याचा अभ्यास झाल्यापासून ती निराधार ठरली आहे. सावलीत, वारा लागेल अशा जागी, सर्वांगावर सतत गार पाणी ओतत राहावे.

किनाऱ्यावर सराव देण्याचा मोह समजण्याजोगा आहे, परंतु कोरड्या, भुसभुशीत वाळूत खूर रुततो आणि पुढच्या पायाच्या नळीमागच्या कंडरेवर ताण येतो. ओहोटीनंतरची ओलसर, घट्ट पट्टी त्या मानाने बरी.

तापमान फेरीच्या लगेच नंतर घेतले, तर ते फुगलेलेच येते. निरोगी घोड्याचे तापमान विश्रांतीत साधारण ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस असते. ते सकाळ-संध्याकाळ, घोडा शांत असताना घ्यावे आणि पागेच्या दारावरच्या तक्त्यावर लिहावे. स्पेनमधील व्हॅलेन्सियात फेब्रुवारी २०२१मध्ये एका अश्वस्पर्धेत घोड्यांच्या हर्पिस विषाणूची साथ उसळली. तेथून आधीच निघालेल्या घोड्यांबरोबर विषाणू इतरत्र पोहोचला आणि युरोपात १८ घोडे दगावले. त्या स्पर्धेचा दर केवळ तेथील पागेवरून काढला असता, तर निम्मी गोष्टच कळली असती.

सामायिक बादली आणि पाण्याची नळी प्रत्येक बादलीत बुडवणे याच वाटेने जबड्याखाली गाठी आणणारा स्ट्रँगल्सही पसरतो. ग्लँडर्स या घोड्यांच्या संसर्गजन्य रोगाचा संशय आल्यास मात्र घरगुती उपाय करत बसू नये. तो माणसालाही होतो आणि २००९च्या केंद्रीय कायद्यानुसार पशुसंवर्धन खात्याला कळवावा लागतो. हिसारच्या राष्ट्रीय अश्व संशोधन केंद्रात त्याची तपासणी होते.

स्ट्रँगल्सची लक्षणे दिसायला ३ ते १४ दिवस लागू शकतात. म्हणून परतलेला घोडा चौदा दिवस वेगळा बांधावा, आणि आयोजकांनी पंधराव्या दिवशी प्रत्येक मालकाला फोन करून ताप, खोकला, लंगडणे यांची माहिती घेतल्यावरच स्पर्धेचा दर नोंदवहीत लिहावा.